जुन्या गाडीसाठी ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: घ्या, पण कोडच्या पुढचं वाचायला

चेक लाइट लागला की ‘सेन्सर गेलाय’ म्हणून दोन-तीन हजारांचा पार्ट बदलला जातो आणि आठवड्याभरात लाइट पुन्हा लागतो. हा खर्च ईएलएम३२७ चिपचा साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारं यंत्र, वाचवू शकतो. काडेपेटीपेक्षा जरा मोठा डबा, किंमत काही शे रुपये. अट एकच: कोड वाचून थांबायचं नाही, लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असताना सेन्सर देत असलेले आकडे, बघायचा.

घेण्याआधी आपल्या गाडीवर तो चालेल का ते पाहा. बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं सरकारी मानक) गाड्यांना ओबीडी-२ (कोड वाचायची प्रमाणित पद्धत) एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्यानंतरच्या बीएस-४ गाडीत अडचण येत नाही. नाशिककरांची गोम वेगळी आहे. २०१० साली बीएस-४ लागू झालं ते निवडक शहरांत. सुरुवातीच्या त्या यादीत मुंबई-पुणे होते, नाशिक नव्हतं. देशभर ते एप्रिल २०१७ ला आलं. म्हणजे २०१२ ची नाशिक पासिंग गाडी बीएस-३ असू शकते. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट दिसलं म्हणून खूश होऊ नका, आत कंपनीचा स्वतःचा प्रोटोकॉल (बोलण्याची भाषा) असेल तर हा डबा गप्प बसतो. कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ला तर याचा काहीच उपयोग नाही.

खरेदी करताना आणखी एक. ‘व्ही २.१’ छापलेल्या स्वस्त मालात बऱ्याचदा के-लाइनचे (एका वायरवरून बोलण्याची जुनी पद्धत) प्रोटोकॉल गाळलेले असतात आणि जुन्या गाड्या नेमक्या त्यावरच बोलतात. ‘व्ही १.५’ छापलेला त्या मानाने बरा, तरी छापील आकड्याची खात्री नाही. परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या. पेअरिंगचा पिन १२३४ किंवा ०००० असतो. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ चालत नाही, वायफायवाला किंवा बीएलईवाला (कमी विजेवर चालणारं ब्लूटूथ) लागतो. डब्यावरचा दिवाच लागला नाही तर सॉकेटच्या १६ नंबर पिनवर १२ व्होल्ट येतात का बघा. बहुतेक वेळा फ्यूज उडालेला असतो.

आता खरं काम. पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), हा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलायची घाई होते. बिचारा सेन्सर खरं सांगत असतो. इंजिन गरम करून पेट्रोलवर आयडलिंगला लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल सरासरी किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलला +१८ आणि २५०० आरपीएमला +४ दिसलं तर कुठून तरी फुकटची हवा आत येतेय: ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातले वायू परत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा) पाइप किंवा मॅनिफोल्ड गॅस्केट. पकडीला फडकं गुंडाळून एकेक रबरी पाइप दाबा आणि शॉर्ट टर्म ट्रिमवर (तीच दुरुस्ती, पण त्या क्षणाची) नजर ठेवा. ज्या पाइपाला आकडा झपकन खाली येतो, त्याच्या मागेच गळती आहे. उलट आयडलला सगळं ठीक पण चढावर ट्रिम वाढत जातोय, तर फ्युएल फिल्टर तुंबलाय किंवा पंप कमजोर झालाय. सीएनजीवर हे आकडे कामाचे नाहीत, किट आपली वेगळी गणितं करतं.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे कूलंटचं तापमान. डॅशबोर्डचा काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो, तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. सकाळी थंड इंजिनला कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्ही तापमानं जवळपास सारखी दिसली पाहिजेत. कूलंट -४० दाखवत असेल तर वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय. १३० च्या वर दाखवत असेल तर शॉर्ट. सेन्सरचा कनेक्टर काढा: -४० यावं. दोन वायरवाल्या सेन्सरच्या कनेक्टरमधल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा: १३० च्या वर जावं. दोन्ही जमलं तर वायरिंग ठणठणीत, दोष सेन्सरचा. यापलीकडे मल्टिमीटरशिवाय बोलू नये.

महामार्गावर तापमान ७०च्या पुढे जातच नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, किंवा ‘गाडी हीट होते’ म्हणून कुणीतरी काढूनच टाकलाय. हा उपाय चुकीचा आहे. ईसीयूला इंजिन थंडच वाटतं, तो पेट्रोल जास्त सोडतो आणि ॲव्हरेज पडतं.

कसारा घाट चढताना शेजारी बसलेल्याला स्क्रीन बघायला सांगा. घाटात १०० पर्यंत जाऊन इगतपुरीला ९० वर आलं तर काळजी नाही. चढताना वाढतच गेलं तर रेडिएटर तुंबलाय, वॉटर पंप किंवा कॅप गेलीय, नाहीतर कूलंट कमी आहे. घाटात ठीक, पण नाशिकच्या मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये वाढतंय तर फॅन, त्याची रिले नाहीतर फ्यूज. १०५ ओलांडलं की एसी बंद, हीटर फुल, गाडी बाजूला. रेडिएटरची कॅप उघडू नका.

एकदम पाच-सहा कोड आले तर एकही सेन्सर बदलू नका. सेल मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंगची पट्टी गंजलीय. पट्टी काढा, घासा, घट्ट बसवा.

मर्यादा सरळ सांगायच्या तर एबीएस आणि एअरबॅगचं साधारणपणे काही वाचता येत नाही. कॉमन रेल डिझेलला इंजेक्टर बदलल्यावर कोडिंग लागलं तर तेही इथे होत नाही, त्याला गॅरेजचा मोठा स्कॅनरच हवा.

जुनी गाडी घ्यायला जाल तर हा खिशात ठेवाच. ‘कोड नाहीत’ दिसलं तरी रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते) बघा. बरेचसे अपूर्ण असतील तर बॅटरी काढलीय किंवा कोड नुकतेच पुसलेत. आपल्या गाडीतही कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, बिघाड झाला त्या क्षणाचा वेग, आरपीएम आणि तापमान त्यातच असतं. आणि रात्री डबा काढून ठेवा. सॉकेटला चावीशिवायही करंट असतो. गाडी आठवडाभर उभी राहिली तर जुनी बॅटरी उतरते.