फवारणी पंपाला आयर्न फॉस्फेटची बॅटरी: एका हंगामाचा अनुभव

अमळनेर तालुक्यात आमचा सहा एकर कापूस. पाठीवरचा 16 लिटरचा बॅटरी पंप घरात चार वर्षांपासून आहे. त्यातली लेड अ‍ॅसिडची बॅटरी काट्यावर अडीच किलो भरायची. यंदा बसवलेली लिथियम आयर्न फॉस्फेटची, 12.8 व्होल्ट, 6 अँपिअर-अवरची, 700 ग्रॅम भरली. आप्पांनी ती हातावर तोलून पाहिली आणि म्हणाले, "येनं ते काहीच वजन नई!" त्यांचं वय 67. त्यांच्या खांद्यावरचे पावणेदोन किलो कमी झाले, माझे निम्मे पैसे तिथेच वसूल.

मागच्या वर्षी मात्र फसलो होतो. एका दुकानदाराने 'लिथियम ते लिथियम' म्हणत स्वस्तातली बॅटरी गळ्यात मारली. आत निकेल-मँगनीज-कोबाल्टचे, म्हणजे लिथियमच्याच दुसऱ्या जातीचे, तीन सेल निघाले. तशी जोडणी 12.6 व्होल्टला पूर्ण भरते, आणि लेड बॅटरीचा जुना चार्जर 14 च्याही वर जातो. जादा चार्जिंग रोखणारं सर्किट नावापुरतं होतं. रात्री पडवीत गोडसर, उग्र वास सुटला. तो आतल्या इलेक्ट्रोलाइटचा. कार्बोनेट द्रावकात लिथियमचा क्षार विरघळवलेला असतो आणि ते द्रावक पेट घेतं. फावड्याने ओढत ती अंगणात नेली. भिंतीपलीकडे गोठा होता, दोन बैल बांधलेले. तो वास अजून नाकातून जात नाही.

म्हणून यंदा धुळ्याला गेलो. पाचकंदील भागातल्या एका छोट्या दुकानात पॅक बांधून मिळतात. त्या भाऊंनी आवरण लावायच्या आधी चारही सेल माझ्यासमोर मल्टिमीटरने मोजले: 3.28, 3.28, 3.29, 3.28. सोबत 14.6 व्होल्टचा वेगळा चार्जर दिला. सगळे मिळून 2,300 रुपये.

बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती, त्यामुळे आयर्न फॉस्फेटच्या या कॅथोडचं, म्हणजे सेलच्या धन टोकाच्या पदार्थाचं, मला विशेष प्रेम आहे. 1997 साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ, अक्षय पाधी आणि सहकाऱ्यांनी तो पुढे आणला. यातला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, तापलं तरी सहज सुटत नाही, म्हणून आगीचा धोका बराच कमी. कोबाल्ट लागत नाही, निकेल नाही. मूळ पावडर विजेची वाहक म्हणून फारच कच्ची, तिच्या कणांवर कार्बनचा पातळ थर दिला तेव्हा कुठे ती कामाची झाली.

वावरात फरक लगेच कळतो. लेडवाली सात-आठ पंपांनंतर (एक पंप म्हणजे एक भरलेली टाकी) दमायची, फवारा बारीक व्हायचा आणि शेवटच्या ओळींना औषध नीट बसत नसे. ही एका चार्जिंगमध्ये 12 ते 13 पंप मारते, आणि दाब शेवटपर्यंत तोच.

तक्रारही याच गुणातून येते. व्होल्टेज सपाट राहतं, त्यामुळे पंपावरचा आकडा बराच वेळ 12.9 च्या आसपासच दिसतो, मग झपकन उतरतो आणि सर्किट बॅटरीचा पुरवठा बंद करतं. पहिल्यांदा ऐन ओळीत, टाकीत अर्धं औषध असताना पंप बंद पडला. बांधापर्यंत ते ओझं तसंच वाहून आणावं लागलं. आता मी पंप मोजतो, अकरावा झाला की चार्जिंगला लावतो.

फवारण्या संपल्यावर अर्धी चार्ज करून माजघरात ठेवली आहे. आमची पत्र्याची शेड एप्रिल-मेमध्ये भट्टी होते, आणि उष्णतेने इलेक्ट्रोलाइटमधला तो क्षार खराब होतो.