गॅझेट की टीजी सर्टिफिकेट? आधी काय करू

कोथरूडची एक एकोणीस वर्षांची मुलगी विचारत होती, ताई नाव बदलायचंय, गॅझेट करू (म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून घेऊ) की ट्रान्सजेंडर (टीजी) सर्टिफिकेट काढू, आणि सायबर कॅफेवाले म्हणतात दोन्ही आमच्याकडूनच करा. त्यांचं सोडा.

खर्चाचं म्हणाल तर गॅझेटला सरकारी फी पडते, टीजी सर्टिफिकेटचा अर्ज केंद्र सरकारच्या ट्रान्सजेंडर नॅशनल पोर्टलवर फुकट होतो. कलेक्टर ऑफिसने ३० दिवसांत द्यायचं असं ट्रान्सजेंडर कायद्याचे २०२० चे नियम सांगतात, पण पाठपुरावा करायची तयारी ठेवा बाई.

खरा फरक कागद कशाला चालतो त्यात आहे. नावबदलाच्या गॅझेटने फक्त नाव बदलतं, लिंगाचा रकाना तसाच राहतो. २०१९ च्या कायद्यातल्या सर्टिफिकेटवर लिंग "ट्रान्सजेंडर" येतं, त्याला २०२० च्या नियमांत मेडिकल तपासणी ठेवली नव्हती, अ‍ॅफिडेव्हिट पुरेसं मानलं होतं. स्त्री किंवा पुरुष असं हवं असेल तर मात्र सर्जरीनंतर हॉस्पिटलचा कागद लावून वेगळा अर्ज. अठराच्या आतलं असेल तर अर्ज आईबाबांनी किंवा कायदेशीर पालकांनीच करायचा, तिथेच बऱ्याच पोरांची गाडी अडते.

घरी अजून सांगितलं नाहीये, नुसतं नाव हवंय, तर गॅझेट बरं, त्यावर ट्रान्स असं कुठे येत नाही (जुनं नाव मात्र छापतात हां). आधारवर लिंगही बदलायचंय तर सरळ टीजी सर्टिफिकेट.