खास घडवून घेतलेली मोटार : माझ्या फसवणुकीचा तपशील

गेल्या महिन्यात एका जुन्या मोटारीच्या विक्रीच्या जाहिरातीत मला एक कृष्णधवल छायाचित्र दिसले आणि मी जागच्या जागी थबकलो. तेच छायाचित्र, त्याच कोपऱ्यातल्या घडीसकट, तीन वर्षांपूर्वी मला माझ्या मोटारीचे म्हणून विकण्यात आले होते. आता ते दुसऱ्याच मोटारीच्या इतिहासाचा पुरावा म्हणून मिरवत आहे. स्वतःची फजिती चारचौघांत सांगण्याची मला हौस नाही. परंतु ती मोटार घ्यायला निघालेला कोणी तरी हे वाचेल, या आशेने सगळा प्रकार क्रमाने लिहीत आहे.

मोटार होती १९३३ सालची रोल्स-रॉइस २०/२५. हे मॉडेल १९२९ ते १९३६ या काळात बनत असे आणि त्याच्या एकूण ३,८२७ चेसीस तयार झाल्या. चेसीस हा शब्द मी मुद्दाम वापरत आहे, कारण त्या काळात डर्बीच्या कारखान्यातून इंजिन, गिअरबॉक्स, चाके आणि रेडिएटर बसवलेला सांगाडाच तेवढा बाहेर पडे. त्यावरची बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून, म्हणजे हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड यांसारख्या कारागीर-कंपन्यांकडून, बांधून घेई. म्हणजे या मॉडेलची प्रत्येकच मोटार ‘खास घडवून घेतलेली’ असे. हे मला ठाऊक होते, तरीही विक्रेत्याने तेच शब्द आवाज खाली आणून उच्चारले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शौक माणसाला किती भोळा करतो, याचा हा पहिला नमुना समजावा.

बॉडी दिसायला विलक्षण होती. दोनच दरवाजे, लांबलचक बॉनेट, होडीसारखी निमुळती होत गेलेली पाठ आणि सगळा पत्रा ॲल्युमिनिअमचा. कोचबिल्डरच्या नावाची पट्टी सहसा दरवाजाच्या उंबरठ्यावर असते. ती या मोटारीला नव्हती. मी विचारले, तर उत्तर तयार होते : एका धनाढ्य शौकिनाने ही बॉडी विमानाच्या कारखान्यातल्या कारागिरांकडून गुपचूप करवून घेतली, म्हणून नाव कोरलेले नाही. नोंद कुठे नाही का? नाही, कारण ते काम हिशेबाबाहेरचे होते. छायाचित्रात स्टेपनी एकाच बाजूला दिसते आणि प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना आहे, ते कसे? दुसरी नंतर बसवली. बॉडी बांधणाऱ्याचे नाव उघड करू नये अशी विनंती करणारे, १९३४ सालचे म्हणून दाखवलेले टंकलिखित पत्रही त्याच्याकडे होते. आज मागे वळून पाहताना लक्षात येते की त्या माणसाने मला एकही पुरावा दिला नव्हता. पुरावा का नाही, याची कारणे मात्र एकाहून एक सरस दिली होती. एखादे कारण कमी पडले, तर ते मीच मनातल्या मनात जुळवून घेत होतो.

बयाणा दिला, करारनामा झाला. इंजिन बंद होते, रंग उडालेला होता, वायरिंग जळालेले होते. त्यामुळे रिस्टोरेशन आलेच. त्यासाठीचे गॅरेजही विक्रेत्यानेच सुचवले. ‘अशा बॉडीला हात लावू शकणारी माणसे आता उरलेली नाहीत, हा एकटाच आहे,’ असे तो म्हणाला होता. ज्याने माल विकला त्यानेच सुचवलेल्या माणसाकडून मालाची परीक्षा करून घेण्यात काय धोका आहे, हे शाळकरी मुलालाही कळले असते.

गॅरेजमध्ये मोटार चौदा महिने पडून होती. कामाचे पैसे तीन हप्त्यांत गेले आणि प्रत्येक हप्त्याआधी एखादी गोष्ट झालेली दिसे : एकदा इंजिनचे हेड उतरवलेले, एकदा रेडिएटर चकाकणारा, एकदा चेसीसला खालून काळ्या डांबरी लेपाचा जाड थर. हा थर गंजापासून संरक्षण देईल, असे मला सांगण्यात आले. दरवाजाचे अस्तर काढून आतले लाकूड पाहावे, असे मी दोनदा सुचवले. दोन्ही वेळा गॅरेजवाला जवळजवळ दुखावल्यासारखा म्हणाला, ‘साहेब, मूळ शिलाई एकदा उसवली की मोटारीचे मूळपण गेले.’ मला हे पटले. एवढेच नव्हे, तर त्याच्या निष्ठेचे कौतुकही वाटले.

चौथा हप्ता मागितला गेला तेव्हा इंजिन अजून सुरू झालेले नव्हते. मी बराच वाद घालून मोटार तिथून उचलली आणि आयुष्यभर मोटारींच्या लाकडी सांगाड्यांचे काम केलेल्या एका वृद्ध सुताराकडे नेली. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, दरवाजा दोनदा उघडून लावला, त्याचा आवाज ऐकला आणि मला काही न विचारता अस्तराच्या खिळ्या उचकटायला घेतल्या.

आत जे दिसले ते मी अजून विसरलेलो नाही. दरवाजाच्या चौकटीचे लाकूड गडद तपकिरी, जुनेपुराणे दिसत होते. त्यांनी त्यावरून रंधा एकदाच फिरवला. कागदासारखी एक पातळ ढलपी निघाली आणि खाली कोरे, फिकट लाकूड उघडे पडले. जुन्या लाकडाचा रंग आत मुरलेला असतो. हा रंग फक्त कातडीवर होता. पोटॅशियम परमँगनेटचे पाणी फासून लाकूड म्हातारे करण्याची ही जुनी युक्ती आहे, असे ते म्हणाले. त्या काळचे चांगले कोचबिल्डर सांगाड्यासाठी ॲश हे चिवट लाकूड वापरीत; इथे मागच्या भागात चक्क प्लायवुडचे तुकडे होते. नजरेला पडतील अशा सगळ्या स्क्रूंना एकच सरळ खाच होती, पण अस्तराआडच्या स्क्रूंना चौफुलीची खाच होती. असे स्क्रू मोटारींच्या कारखान्यात १९३६ पासून वापरात आले आणि ही बॉडी म्हणे १९३४ सालची. ब्रॅकेटांना लावलेल्या बोल्टांवर मिलिमीटरच्या मापाचे पाने चपखल बसत होते. त्या काळच्या ब्रिटिश मोटारीत व्हिटवर्थ किंवा बीएसएफ या इंचाच्या मापातल्या आट्यांचे बोल्ट असायला हवेत. एका फळीच्या मागे पेन्सिलीने मापे लिहिली होती आणि इंग्रजी सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ दिली होती. मी घरी जाऊन गॅरेजची अंदाजपत्रके काढली. त्यांतल्या प्रत्येक सातच्या पोटातून तशीच रेघ जात होती. एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. तरी मूळ शिलाई उसवू नये असा त्याचा आग्रह का होता, ते मला त्या रात्री समजले.

पण खरा धक्का चेसीसने दिला, आणि तो केवळ पैशांचा नव्हता. १९३३ सालच्या २०/२५ मध्ये पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मागच्या चाकाच्या केंद्रापर्यंत १३२ इंच अंतर असते. आम्ही टेप धरला, तर ते १२१ भरले. सुतारकाकांनी तो काळा लेप खरवडायला सांगितला आणि दोन्ही बाजूंच्या पोलादी तुळयांवर, समोरासमोर, वेल्डिंगचे ओबडधोबड जोड उघडे पडले. छोट्या, खेळकर बॉडीसाठी लांब चेसीस कापून आखूड केली होती. इंजिन सुरू होऊन मी ही मोटार वेगात हाकली असती, तर तो जोड किती काळ टिकला असता, याचा विचार मी फारसा करत नाही.

यानंतर मी जे केले ते सर्वांत आधी करायला हवे होते. युद्धपूर्व रोल्स-रॉइसच्या प्रत्येक चेसीसचे एक कार्ड कारखान्यात ठेवलेले असे, आणि या नोंदी इंग्लंडमधील रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबने जपून ठेवल्या आहेत. चेसीस क्रमांक कळवून मी प्रत मागवली. काही आठवड्यांत ती आली. इंजिनाचा क्रमांक तंतोतंत जुळला, म्हणजे इंजिन आणि चेसीस अस्सल. बॉडीच्या रकान्यात मात्र एका प्रसिद्ध कोचबिल्डरची लिमोझिन नोंदवलेली होती. ना शौकीन, ना विमानाचा कारखाना. प्रौढ, गंभीर वळणाची ती लिमोझिन कोणी तरी उतरवून फेकून दिली होती, कारण होडीच्या पाठीच्या दोनदरवाजी मोटारीला गिऱ्हाईक लवकर मिळते. छायाचित्र आणि पत्र मी अतिनील दिव्याखाली धरले. दोन्ही निळसर पांढरे चमकले. ही चमक कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळल्या जाणाऱ्या रसायनांची, आणि ती रसायने १९५० च्या सुमारास वापरात आली.

जुन्या चेसीसवर नवी बॉडी चढवणे हा काही अपराध नव्हे, हे इथे नमूद केले पाहिजे. अनेक मोटारी तशा आहेत आणि त्यांचे मालक ते उघडपणे सांगतात. मला आक्षेप आहे तो काल घडवलेली वस्तू नव्वद वर्षांची म्हणून विकण्याला.

वकिलांकडे गेलो, तेव्हा त्यांनी करारनाम्यातले एक वाक्य माझ्यापुढे सरकवले : ‘मोटार जशी आहे तशी विकली असून तिच्या इतिहासाविषयी दिलेली माहिती ऐकीव आहे.’ खाली माझी सही होती. विक्रेत्याने शांतपणे सांगितले की गोष्ट त्यालाही कोणी तरी सांगितली होती. गॅरेजवाल्याने फोन उचलणे बंद केले. एक पैसाही परत मिळाला नाही.

ते छायाचित्र ज्या मोटारीच्या जाहिरातीत आहे, ती मोटार पाहायला कोणी जाणार असेल, तर त्याने बयाण्याआधी टेप, दिवा आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्वतःच्या माहितीतल्या माणसाबरोबर जावे. चेसीस क्रमांक पत्र्याच्या पट्टीवरून न घेता पोलादावर ठोकलेला वाचावा आणि कार्डाची प्रत हाती येईपर्यंत थांबावे. विक्रेता घाई करू लागला, तर आणखी थांबावे.

माझी मोटार सध्या बॉडीशिवाय लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. चेसीसच्या तुळया मूळ लांबीच्या करण्याचे काम चालू आहे, आणि होडीची ती पाठ सुतारकाकांच्या शेडच्या मागे पालथी पडली आहे. तिच्याखाली मांजराने पिल्ले घातली आहेत, त्यामुळे ती इतक्यात हलवता येणार नाही, असे ते म्हणतात.