पहिलं विणकाम: मफलर घ्यायचा की कानटोपी?

सुया नव्याने हातात घेतल्या की जळगाव-धुळ्याकडे घरातली कुणीतरी मावशी किंवा काकू सांगतेच, "आधी मफलर विण." सल्ला जुना आहे आणि वाईटही नाही. तरी शिकायला काय मिळतं हे पाहिलं, तर माझं मत साध्या कानटोपीला.

आधी हिशोब मांडू. ८ नंबरच्या सुया आणि मध्यम जाडीची लोकर घेतली, तर १० सेंटीमीटरमध्ये साधारण २२ टाके बसतात. २० सेंटीमीटर रुंद आणि दीड मीटर लांब मफलरला सुईवर ४४ टाके घालायचे आणि सगळ्या ओळी सुलट (विणकामाचे मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट) विणल्या तर ६००च्या आसपास ओळी करायच्या. म्हणजे २६ हजारांवर टाके, तेही सगळे एकाच जातीचे. मोठ्या माणसाची टोपी पाच-सहा हजारांत आटोपते. नवशिक्याचा हात सावकाश चालतो आणि आपल्याकडची थंडी दिवाळीनंतर येऊन फेब्रुवारीत निघूनही जाते. होळीला पुरा झालेला मफलर ट्रंकेतच जाणार. पुढे मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की घामेजल्या बोटांत लोकर अडकते, सुईवरून टाका सरकत नाही, आणि मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन बसायची कुणाची इच्छा असते?

मफलरची खरी कमाई म्हणजे हात बसणं. धागा बोटावर किती ताणून धरायचा, हे सांगून येत नाही. ओळीमागून ओळ विणावी लागते. मफलरची पहिली वीतभर वीण आणि शेवटची वीतभर वीण शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल. पण तिथेच शिकणं थांबतं. टाके घालणं एकदा, बंद करणं एकदा, मधे सगळं तेच.

शिवाय एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सगळ्या ओळी सुलट असलेली वीण विणायला सोपी, पण दुरुस्तीला अवघड. टाका गळून चार ओळी खाली गेला, तर तो एका ओळीत पुढून आणि पुढच्या ओळीत मागून असा आलटून-पालटून उचलावा लागतो. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीत तोच टाका क्रोशाच्या सुईने शिडी चढल्यासारखा सरळ वर येतो. मग मफलरच असा का विणू नये? कारण त्याच्या कडा आत वळतात आणि सुरळी होते.

टोपीत हे सगळं थोड्या जागेत येतं. ११० टाके घाला. पहिले पाचेक सेंटीमीटर प्रत्येक ओळीत दोन टाके सुलट, दोन टाके उलट. ही वीण ताणली जाते, म्हणून कानावर घट्ट बसते. वर एक ओळ सुलट, एक उलट. शेंड्याकडे दोन-दोन टाके एकत्र विणून कमी करत जायचं, उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून आवळायचा आणि मागची शिवण घालायची. गोल सुया लागत नाहीत. चूकही लवकर कळते: दोन-दोनचा हिशोब चुकला की पुढच्या ओळीतच रेघ मोडते. मफलरच्या कडेला चुकून वाढलेले टाके मात्र हातभर विणून झाल्यावर, तो रुंद दिसायला लागला की लक्षात येतात.

वापराचं म्हणाल, तर रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी भरायला जाणाऱ्याला टोपी बरी. वाकलं तरी जागची हलत नाही. मोटारसायकलवाल्याला हेल्मेटखाली टोपी अडचणीची होते. त्याच्यासाठी मफलर, फक्त टोकं जर्किनच्या आत खोचलेली.

खरेदीत टोपी हलकी पडते. तिला ७०-८० ग्रॅम लोकर पुरते. मफलरला दीडशे ते दोनशे ग्रॅम लागते आणि ती एकाच वेळी, एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली घ्यावी. शेडनंबर तोच असला तरी लॉट बदलला की रंगात पट्टा दिसतो. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नका. रंग फिका निवडा, काळ्यावर टाके दिसत नाहीत. कापूस आपल्या रानातला असला तरी पहिल्या कामाला सुती धागा नको. तो ताणत नाही, वीण खालीवर दिसते आणि बोटं दुखतात. व्हिडिओ बघून सुया घेणाऱ्यांनी नंबर तपासावा: आपला ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन ८ म्हणजे ५. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड.

मफलर कुणी निवडावा? ज्याला मालिका बघता बघता न मोजता विणायचंय आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत घाई नाही, त्याने खुशाल. बाकीच्यांनी आठवडाभर वीस टाक्यांचा चौकोन विणून-उसवून हात मोकळा करावा आणि टोपीचे टाके घालावेत.