जिप्सीची गंजलेली चासी: पॅचवर्क, मेण आणि एक कोकणी पावसाळा

गाडी मारुतीची जिप्सी किंग, राहणं रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) दोन्ही शॅकल हँगर (पाटे टांगणारे कंस), मागचा क्रॉस मेंबर (आडवा दांडा) आणि ॲक्सलच्या वर जिथे चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) कमान घेते तो डावा भाग, एवढ्या जागी गंज कापून पत्रा वेल्ड करायचं काम एप्रिलमध्ये झालं. आता डिसेंबर आहे. वेल्ड एकही फुटलेला नाही. बाहेरचं काळं कोटिंग मात्र दोन जागी सुटलं.

कमानीचा भाग आधी तपासा. चाकाने उडवलेला चिखल तिथे साचतो आणि पावसाळाभर ओला राहतो. छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, कुजलेलं भद्द. भद्द वाजलं तिथे जुना स्क्रूड्रायव्हर जोर लावून खुपसा. भोक दिसतं त्याच्या तिप्पट जागा आतून गेलेली असते, कारण बॉक्स चासी (आतून पोकळ, चौकोनी) आतूनच गंजते.

कापण्याआधी चासीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून लिहून ठेवा आणि कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावा. पेट्रोलची टाकी उतरवाच. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, आत वाफ असते. ब्रेक पाइप आणि वायरिंग बाजूला घ्या. बॅटरीची निगेटिव्ह आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) प्लग काढा, वेल्डिंग मशिनचा अर्थ क्लॅम्प वेल्डच्या शेजारीच लावा.

पत्र्याची जाडी चांगल्या जागी व्हर्निअरने मोजून तेवढीच घ्यायची. जाड पट्टी म्हणजे मजबूत, हा गैरसमज आहे. फार जाड पट्टी मारली की ताण तिच्या कडेवर येतो आणि पुढची चीर तिथेच जाते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, धूर विषारी आणि वेल्डला छिद्रं. कुजलेल्या कडेपासून किमान 25 मिमी आत, निरोगी लोखंडापर्यंत कापा. पॅचचे कोपरे गोल ठेवा. चासीला आडवा छेद देणारा सरळ उभा जोड टाळा, शंकरपाळ्यासारखा तिरका आकार द्या. 8 मिमी भोकांचे प्लग वेल्ड (पॅचला भोक पाडून ते वेल्डने भरणं) घेतले तर उत्तम. सीओटू (वायर फीडच्या वेल्डिंग) मशिनला 0.8 मिमी वायर पुरते. सलग ओढू नका. 20-25 मिमीचे टाके आलटून पालटून मारा, नाहीतर चासी पीळ घेते. संपल्यावर कर्ण पुन्हा मोजा. चासी नंबर कोरलेल्या भागाला मात्र ग्राइंडर लावूच नका, पासिंगला अडचण येईल.

आता ज्यावर बहुतेक कामं फसतात ते. वेल्डच्या उष्णतेने पॅचच्या पाठीमागचा प्रायमर जळून जातो आणि उघडं लोखंड आतच राहतं. बाहेर कितीही कोटिंग थापलं तरी ही जागा पहिल्याच पावसात लाल होते. उपाय एकच: कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण), चहूबाजूंनी फवारणाऱ्या नोझलच्या लांब नळीने. नळी शेवटापर्यंत घालायची आणि हळूहळू मागे ओढत फवारायचं. दोन्ही बाजूंना मिळून अडीच लिटर लागलं. परवा ड्रेन होलमधून (पाणी निघायच्या भोकातून) तार घालून पाहिली, टोकाला मेण लागलं, गंज नाही.

रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा काळा थर करणारं रसायन) फक्त घट्ट बसलेल्या गंजावर चालतो. पापुद्रे आधी वायर ब्रशने उतरवा. पातळ एकच हात द्या आणि चोवीस तास सोडा. काळा झाला म्हणजे वाळला असं नाही. कोटिंग सुटलेल्या दोन्ही जागा गिअर ऑइलच्या गळतीखालच्या होत्या, थिनरने एकदाच पुसलेल्या. तिथे तीनदा पुसायला हवं होतं, दर वेळी नवं फडकं घेऊन. बिटुमेनचं जाड कोटिंग मारणारे ड्रेन होलही बुजवतात, मग चासी पाणी धरून ठेवते. तीन भोकं सुईने मोकळी करावी लागली.

किनाऱ्यावर गाडी नेली तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, शॅकल आणि कमानीत नळी धरून. मेणाचा पुढचा हात मे महिन्यात, पहिल्या सरीआधी.