क्वांटम क्रिप्टोग्राफीचा किट घ्यावा का? दोन बॅचचा अनुभव

आमचं कॉलेज सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. टीवायला फिजिक्सची चौदा मुलं. क्वांटम क्रिप्टोग्राफी, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने दोघांत गुप्त किल्ली ठरवण्याची पद्धत, शिकवायला दोन वर्षांपूर्वी आम्ही हा परदेशी बनावटीचा किट मागवला. कस्टम्स आणि बाकी सगळं धरून खर्च चार लाखांच्या वर गेला. आता इतर कॉलेजांतून सारखी विचारणा होते, ‘मॅडम, पैसे वसूल होतात का?’ म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

किटमध्ये तीन भाग आहेत. पाठवणाऱ्याकडे लाल लेझर आणि त्याच्यापुढे फिरवता येणारी हाफ वेव्ह प्लेट, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा (पोलरायझेशन) वळवणारी चकती. घेणाऱ्याकडे दुसरी प्लेट, पोलरायझेशननुसार प्रकाश दोन वाटांना लावणारा काचेचा ठोकळा आणि दोन सेन्सर. तिसरा भाग ईव्हचा, म्हणजे मधे बसून चोरून ऐकणाऱ्याचा. एका वेळी लेझरचा एकच झोत सोडायचा. पाठवणाऱ्याने ० आणि ९० किंवा उणे ४५ आणि ४५ अंश यांतली एक जोडी निवडायची, घेणाऱ्याने आपल्या मनाने एक. प्रत्येक जोडीतला एक कोन म्हणजे शून्य, दुसरा म्हणजे एक, हाच बिट. शेवटी दोघांनी फक्त जोड्या मोठ्याने जाहीर करायच्या. जुळल्या ते बिट ठेवायचे, बाकीचे खोडायचे. हीच बीबी८४ पद्धत. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी ती १९८४ साली मांडली, आणि तीही आपल्या बंगळुरूच्या परिषदेत. हे सांगितलं की मुलं जरा सावरून बसतात.

जोडी निवडायला मी रुपयाचं नाणं सक्तीचं केलंय. मनाने निवडायला सांगितलं की मुलं एकाआड एक अशीच निवडतात. पहिल्या वर्षी ईव्ह झालेल्या मुलाने तो क्रम दहाव्या झोतालाच ओळखला होता.

मुलांना मराठी शब्द पाठवायचा होता. किटसोबतच्या पुस्तिकेत इंग्रजी अक्षरांसाठी पाच बिटांचा तक्ता आहे, पण पाच बिटांत ३२च चिन्हं बसतात आणि आपली व्यंजनं, स्वर, काना-मात्रा त्यात मावत नाहीत. मग मुलांनीच सहा बिटांचा, ६४ चिन्हांचा तक्ता केला. शब्द ठरला ‘पाणी’. प, काना, ण, दीर्घ वेलांटी, म्हणजे चार चिन्हं आणि २४ बिट. ९० झोत सोडले, ४३ जुळले. त्यातले १६ तपासणीत खर्ची घातले, उरलेल्यांतून २४ बिटांची किल्ली निघाली आणि तिने शब्द कुलूपबंद करून पाठवला. पलीकडच्या टेबलावर ‘पाणी’ उमटलं तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते आणि कुणालाही एसटीची आठवण नव्हती.

दुसऱ्या दिवशी ईव्हला मधे बसवलं. त्या मुलीने प्रत्येक झोत वाचला, वहीत लिहिला आणि वाचला तसाच पुढे सोडला. आपलं काम फत्ते झालं अशी तिची खात्री होती. मग जुळलेल्यांपैकी १६ बिट दोघांनी मोठ्याने वाचायला घेतले. शून्य, शून्य. एक, एक. एक... शून्य. वर्गात शांतता झाली. सोळांत पाच चुका निघाल्या. ईव्ह निम्म्या वेळा चुकीची जोडी निवडते आणि त्यातल्या निम्म्या वेळा घेणाऱ्याचा बिट बिघडतो, म्हणजे जुळलेल्या बिटांत सरासरी चौथा हिस्सा चुका. सोळा बिट तपासूनही ती न सापडण्याची शक्यता जेमतेम एक टक्का. हे गणित मी फळ्यावर अनेक वर्षं केलंय, पण त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते फळ्यावर कधीच उमटलं नव्हतं.

आता महत्त्वाचं. या किटमध्ये एकटा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, नाही. एक मिलीवॅटचा लाल झोत एक मिलिसेकंद सोडला तर त्यात सुमारे तीन लाख कोटी फोटॉन असतात, हे मुलांनीच काढलं. जोडी चुकली की खरा एकटा फोटॉन अर्धा होत नाही, तो इकडे नाहीतर तिकडेच सापडतो. इथे मात्र प्रकाश सरळ अर्धा-अर्धा होतो आणि आतलं सर्किट दोनपैकी एक दिवा आपल्या मर्जीने लावतं. ही सोय बंद करायचं बटण किटवर आहे. ते दाबा, दोन्ही दिवे लागलेले दाखवा. हे लपवून शिकवणं मला पटत नाही.

त्याच्या पुढचा प्रयोग पुस्तिकेत नाही, तो आमचा. मायक्रोस्कोपची साधी काचपट्टी झोताच्या वाटेत जरा तिरकी धरायची. साधारण आठ टक्के प्रकाश बाजूला पांढऱ्या कागदावर पडतो आणि घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे इतके फोटॉन एकदम सोडले तर चोर त्यातले थोडे काढून घेतो आणि चूक एकही होत नाही. एकटाच फोटॉन का हवा, आणि अनोळखी क्वांटम अवस्थेची नक्कल करता येत नाही या १९८२च्या सिद्धांतावर सगळं का उभं आहे, हे त्या काचपट्टीने पाच मिनिटांत कळतं.

तक्रारी दोन. पुरवठादाराने पाठवलेल्या संचात एका सेन्सरची केबल सैल निघाली आणि साध्या उत्तराला पाच आठवडे लागले. आमच्या लॅबमधल्या दादांनीच अखेर ती बसवली. दुसरं, जुळणी फार नाजूक आहे. टेबलाला कुणी कोपर टेकवलं तरी झोत हलतो. आधी ईव्हशिवाय दोन टोकं जुळवा, मगच तिला मधे आणा. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन सेन्सरवर आलं की दिवे भलतेच लागतात, आम्ही काळे पडदे शिवून घेतले. इस्रोनेही २०२१मध्ये अहमदाबादला ३०० मीटरवरचा प्रयोग उन्हाचा त्रास नको म्हणून रात्री केला होता, हे ऐकल्यावर पडद्यांबद्दलची कुरकुर थांबली. अंगठ्या आणि घड्याळं आधी काढायला लावा, लेझर त्यांवरून थेट डोळ्यात जातो.

एकट्या फोटॉनवरचं खरं काम करायचं असेल तर एकेकटे फोटॉन मिळवायला क्रिस्टल आणि ते मोजणारे डिटेक्टर लागतात, तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही. त्यासाठी मुलांना मोठ्या संस्थेच्या लॅबमध्ये घेऊन जा. पण बीबी८४ हाताने करून बघायची असेल तर किट घ्या, दोन-तीन कॉलेजांनी मिळून घेतला तरी चालेल. मराठीतली आठ पानी कृती आणि तो ६४ चिन्हांचा तक्ता मी लिहून ठेवलाय, हव्या त्या शिक्षकांना झेरॉक्स देईन. तक्त्यात ‘ळ’ पहिल्या वर्षी राहून गेला होता, तो आता घातलाय.