विंडोज, मॅक, लिनक्स: आठ महिने तिन्ही रोज वापरल्यावर

ऑफिसात विंडोज 11, बॅगेत एम1 (अ‍ॅपलची स्वतःची चिप) वाला मॅकबुक आणि घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, असं आठ महिने चाललंय, त्यामुळे आता खात्रीने सांगू शकते.

घरच्यापासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त समाधान तिथंच मिळालं. लॅपटॉप सहाव्या जनरेशनचा इंटेल, ठणठणीत चालणारा, पण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हा बाद. टाकून द्यायला जीव होईना, मग एसएसडी बसवली आणि मिंट 22 टाकलं, त्याला 2029 पर्यंत अपडेट आहेत. आई त्यावर व्हिडिओ कॉल करते, बँकेचं बघते, तिला काही वेगळं शिकवावं लागलं नाही. एकदा मी ग्राफिक्सचा चुकीचा ड्रायव्हर टाकला आणि स्क्रीन काळी पडली, अक्षरशः पोटात गोळा आला, पण टाइमशिफ्टमधे (सिस्टीमची प्रत जपून ठेवणारं टूल) आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट होता, तो रिस्टोअर केला आणि सगळं जागच्या जागी. टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करा, खरंच.

ऑफिसचं मात्र वेगळं आहे. आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि एक्सेलच्या शीटमधे व्हीबीएचे मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) आहेत, ते लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमधे सगळेच्या सगळे चालत नाहीत. आठवडाभर प्रयत्न केला, मग सोडून दिलं. आणि धंद्यासाठी विंडोज घेताय तर प्रो घ्या, होममधे घरून त्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने घुसता येत नाही, हे आम्हाला गरज पडली तेव्हा कळलं.

मॅकची बॅटरी लाजवाब, झाकण उघडलं की लगेच काम सुरू, फिरतीवर दुसरं काही नको वाटतं. पण पेन ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) असेल तर मॅक फाइल वाचतो, त्यावर लिहीत नाही. मीटिंगच्या पाच मिनिटं आधी हे समजलं तर काय होतं ते मी अनुभवलंय, तेव्हापासून सगळे पेन ड्राइव्ह एक्सफॅट, तो फॉरमॅट दोन्हीकडे चालतो. एम सिरीजवर बूटकॅम्पही (मॅकवर थेट विंडोज टाकायची सोय) नाही, म्हणजे विंडोज हवंच असेल तर व्हर्च्युअल मशीन, मॅकच्या आतच चालणारं.

हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं ब्राउझरमधे चालणारं व्हर्जन येणारे म्हणतात. ते आलं की आधी घरच्या मिंटवर चालवून बघणार, नीट चाललं तर ऑफिसातली दोन जुनी मशीनं पण तिकडेच नेणार.